उपवासाचे वेफर्स: लालबागच्या एका ताईंच्या रक्तदाबाचं प्रकरण

लालबागला राहणाऱ्या आणि फोर्टमधल्या एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करणाऱ्या ४९ वर्षांच्या एका ताईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवलं, कारण रक्तदाबाची गोळी वेळच्या वेळी घेऊनही दाब १५०/९४ च्या आसपास रेंगाळत होता. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० होतं. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन गेल्या काही वर्षांत हळूहळू चढत गेलेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "मीठ कमी" असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

आणि ताईंनी मीठ खरोखरच कमी केलं होतं. लोणचं बंद, पापड बंद, पानात डावीकडे मीठ वाढणं बंद. आमटी इतकी अळणी व्हायला लागली होती की मुलगा आपल्या वाटीत वरून मीठ घालून घ्यायचा. एवढं करून दाब हलत नाही म्हटल्यावर त्या खचल्या होत्या. "माझं नशीबच तसं आहे. आईलाही होता," असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. मुंबईतल्या मराठी घरांत ते मला वारंवार भेटतं, आणि प्रत्येक वेळी दोष भलत्यालाच दिला जातो. कधी बटाट्याला, कधी उपवासाला, तर कधी बाईच्या जिभेला. या तिघांपैकी एकालाही हात न लावता ताईंचा प्रश्न बराचसा सुटला.

वहीतले कोरे दिवस

येणाऱ्या प्रत्येकाला मी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगते. ताईंची वही पाहून मन प्रसन्न झालं. वेळ, पदार्थ, वाटी लहान की मोठी, सगळं रकाने आखून लिहिलेलं. फक्त सोमवार आणि गुरुवारसमोर एकच शब्द होता: उपवास.

"या दिवशी काय खाता?"

"काही नाही हो मॅडम. दोनदा चहा, आणि संध्याकाळी थोडे वेफर्स. चालतात ना उपवासाला."

सोमवार, गुरुवार, दोन एकादश्या आणि संकष्टी. महिन्याची बेरीज केली तर जवळजवळ एक तृतीयांश दिवस वहीत कोरे होते. ताई काही लपवत नव्हत्या. उपवासाला जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणजे मोजण्यासारखं काही नाही, ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे. "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणून त्यावर हसण्याचीही रीत आहे. मला ते हसणं पटत नाही. सकाळी चहावर घर सोडायचं, लोकलच्या गर्दीत उभं राहून ऑफिस गाठायचं, दुपारी सगळे डबे उघडत असताना आपलं काम करत बसायचं आणि संध्याकाळी करी रोडला उतरून घरच्यांचा स्वयंपाक करायचा. अशा बाईला सात वाजता जी भूक लागते, ती हसण्याजोगी नाही.

त्या भुकेच्या वाटेवरच वेफर्सचं दुकान होतं. समोर मोठी कढई, तिच्यावर धरलेली किसणी, चकत्या थेट तेलात पडतायत, झाऱ्यानं काढलेला घाणा परातीत, वरून मीठ आणि लाल तिखट. तिथे ताई पाव किलो घ्यायच्या, "घरात सगळ्यांना होतात" म्हणून. सोमवारचा उपवास रात्री जेवून सुटतो, म्हणजे सात ते नऊ एवढाच वेळ काढायचा असतो. संकष्टीला मात्र चंद्रोदय रात्री नऊ-दहाला होतो, त्यामुळे त्या दिवशी पुडा बराच वेळ ओट्यावर उघडा असायचा.

काट्यावर

दुसऱ्या भेटीला त्या माझ्या सांगण्यावरून तोच पुडा घेऊन आल्या. मी तो परातीत ओतला आणि म्हटलं, चहाबरोबर आणि नंतर स्वयंपाक करता करता मिळून जेवढे तुमच्या पोटात जातात, तेवढे बाजूला काढा. त्यांनी प्रामाणिकपणे काढले. थोडे परत ठेवले, पुन्हा घेतले, आणि "हो, एवढे" म्हणून हात झटकले. काट्यावर १४० ग्रॅम भरले.

सुट्या वेफर्सवर लेबल नसतं, पण बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सचे आकडे सगळीकडे साधारण सारखेच असतात. १०० ग्रॅममध्ये ५३० ते ५५० किलोकॅलरी, ३३ ते ३६ ग्रॅम चरबी, ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, ६-७ ग्रॅम प्रथिनं आणि ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम. दुकानदाराचा हात सैल असेल तर सोडियम आणखी जास्त. या हिशेबानं १४० ग्रॅममध्ये साडेसातशे किलोकॅलरी, जवळजवळ ५० ग्रॅम तेल आणि सुमारे २ ग्रॅम मीठ झालं (१ ग्रॅम मिठात सोडियम साधारण ४०० मिलिग्रॅम असतं). जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही तीच मर्यादा आहे. म्हणजे ज्या दिवशी "काही खाल्लं नाही", त्या दिवशी दिवसभराच्या मिठातलं चांगलं ४० टक्के मीठ एका पुड्यातून गेलं होतं, आणि रात्री उपवास सोडतानाचं जेवण अजून व्हायचंच होतं.

ताई माझ्या कागदावरच्या बेरजेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो कागद स्वतःकडे ओढला, महिन्याच्या उपवासांनी गुणलं आणि म्हणाल्या, "आमटीतून वाचवलं ते सगळं इथे खर्च झालं."

"पण उपवासाच्या वेफर्सना सैंधव असतं ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि तो जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. इतर क्षार त्यात नावापुरते असतात, बाकी तेही सोडियम क्लोराइडच. उपवासाला ते का चालतं हा धर्माचा प्रश्न आहे, पण रक्तवाहिन्यांना ते साध्या मिठापेक्षा वेगळं भासत नाही. उलट त्यात आयोडीन सहसा मिसळलेलं नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकात फक्त सैंधव वापरू नका, हेही मी त्यांना सांगितलं.

कढईत काय घडतं

बटाटा इतका बदलतो तरी कसा, हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. कच्च्या बटाट्यात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं, १०० ग्रॅममध्ये ऊर्जा जेमतेम ७७ किलोकॅलरी आणि चरबी नगण्य. पातळ चकती १७०-१८० अंश सेल्सिअसच्या तेलात पडते तेव्हा हे पाणी वाफ होऊन बाहेर धावतं. तेलात दिसणारे बुडबुडे त्याचेच. बुडबुडे थांबले की चकतीत पाणी २ टक्क्यांच्या आसपास उरलेलं असतं. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागाच मिळत नाही. चकती कढईबाहेर काढली की आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. वेफर्समधलं बरंचसं तेल असं बाहेर काढल्यानंतर मुरतं. म्हणून घाणा काढल्याबरोबर झाऱ्यावर नीट झटकून निथळणारा दुकानदार आणि तसाच परातीत ओतणारा दुकानदार यांच्या मालात फरक पडतो.

पाणी गेलं की काय उरतं? साधारण एक किलो बटाट्यांचे पाव किलो वेफर्स होतात. ताईंच्या १४० ग्रॅममध्ये अर्ध्या किलोहून जास्त बटाटे होते. तेवढे उकडलेले बटाटे कुणी उभ्या उभ्या, दुसरं काम करता करता खाऊ शकत नाही. पोट मध्येच नको म्हणतं. वेफर्समध्ये ते पाणी नसतं, चावायला कष्ट नसतात, आणि पोटानं नको म्हणेपर्यंत पुडा संपलेला असतो.

बटाट्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण त्याची बदनामी फार होते. बटाट्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि रक्तदाबाला ते उपकारकच आहे. तळल्यानं ते उडून जात नाही. वर पडलेलं मीठ आणि आत मुरलेलं तेल या दोघांमुळे त्याचा उपयोग झाकला जातो.

साखरेच्या यंत्रानं केलेली दिशाभूल

ताईंच्या घरी साखर तपासायचं यंत्र होतं, सासूबाईंसाठी आणलेलं. एका एकादशीला त्यांनी उकडलेल्या बटाट्याची भाजी खाऊन दोन तासांनी साखर पाहिली, पुढच्या एकादशीला वेफर्स खाऊन. वेफर्सनंतरचा आकडा कमी आला. तेव्हापासून उपवासाच्या बटाट्यापेक्षा वेफर्स बरे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. चरबी असली की जठर सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात हळूहळू उतरते, आणि दोन तासांचा आकडा सौम्य दिसतो. गरम उकडलेल्या बटाट्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती वेगानं चढवतो त्याचा आकडा, वेफर्सपेक्षा सहसा जास्तच असतो. पण ते यंत्र तेल मोजत नाही, मीठ मोजत नाही, आणि रात्री वाढलेलं ट्रायग्लिसराइडही मोजत नाही. उंबरठ्यावरच्या माणसासाठी वाढतं वजन हे दोन तासांच्या आकड्यापेक्षा मोठं कारण आहे. २०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी १ लाख २० हजारांहून अधिक अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या अनेक वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. दर चार वर्षांत होणाऱ्या वजनवाढीशी ज्या पदार्थांचा संबंध दिसला, त्यांत बटाट्याचे चिप्स सगळ्यांत वर होते. रोज एक वाढीव हिस्सा खाणाऱ्यांत सुमारे पाऊण किलो. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरं, पण ताईंच्या वजनाचा आलेख त्याच्याशी जुळत होता.

हात का थांबत नाही

"मला कळतं, तरी हात जातोच. माझ्यात निग्रह नाही," असं ताई म्हणाल्या, तेव्हा मला वाईट वाटलं. वर्षानुवर्षं निर्जळी हरतालिका करणाऱ्या बाईत निग्रह नाही, हे कसं खरं असेल?

जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात उंदरांवर याचे प्रयोग झाले. पोटभर खाल्लेले उंदीरही चिप्सवर तुटून पडतात, हे पाहून संशोधकांनी चरबी आणि कर्बोदकांची वेगवेगळी मिश्रणं करून दिली. साधारण ३५ टक्के चरबी आणि ४५ टक्के कर्बोदकं असलेलं मिश्रण त्यांना सगळ्यांत जास्त ओढून घेत होतं. वेफर्सचं प्रमाण याच्या अगदी जवळचं आहे. त्यात मीठ सगळं वरच्या वर असतं, जिभेला लागताक्षणी विरघळतं. पावात मुरलेलं तेवढंच मीठ आपल्या लक्षातही येत नाही.

आणि आवाज. ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ मास्सिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चिप्स चावायला लावले आणि चावण्याचा त्यांचाच आवाज हेडफोनवर कमी-जास्त करून ऐकवला. आवाज मोठा, विशेषतः तीव्र सूर वाढवलेले, तेव्हा तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. या कामाला २००८ साली इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो पुरस्कार, मिळाला. माझ्यासाठी त्यातली कामाची गोष्ट अशी: वेफर्सच्या आनंदाचा मोठा वाटा कुरकुरीतपणाचा आहे, आणि कुरकुरीतपणाला मीठ लागत नाही.

दुकान आणि तेल

ताईंचा आणखी एक ठाम समज होता. मुलगा खातो ते पाकिटातले वाईट, आपल्या डोळ्यांसमोर तळलेले चांगले. तेल आणि ऊर्जा यांत दोघांत फारसा फरक नाही. पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे माल लवकर खवट होत नाही, आणि लेबल वाचता येतं. कढईसमोर ताजेपणा मिळतो, शिवाय एक सोय मिळते जी पाकिटात नाही: मीठ तळल्यानंतर पडतं, म्हणून ते पडायच्या आधी तुम्ही बोलू शकता. तेल मात्र पाहून घ्यायला हवं. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, साठत जातात. १ जुलै २०१८ पासून देशात त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. गिऱ्हाइकाला टक्के मोजता येत नाहीत, पण तेल काळपट, दाट, फेसाळ असेल आणि कढईतून धूर येत असेल तर त्या घाण्याचे घेऊ नयेत एवढं नक्की करता येतं.

ताईंना लालसर, कडक तळलेले वेफर्स आवडायचे. तिथे मी त्यांना थांबवलं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिठूळ पदार्थ जास्त तापवले की त्यांत अॅक्रिलामाइड तयार होतं. बटाट्यातलं अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांच्या पुढे एकत्र आले की ते घडतं. मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच त्याला माणसाच्या बाबतीत बहुधा कर्ककारक अशा गटात ठेवलं होतं. रंग जितका गडद, तितकं ते जास्त. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होते, म्हणून असे बटाटे तळले की पटकन लाल होतात. वेफर्ससाठी मुद्दाम कमी साखरेच्या जाती काढल्या गेल्या त्या याच कारणानं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची कुफरी चिपसोना-१ ही १९९८ ची जात त्यांतलीच. ताईंनी दुकानात फिकट पिवळे मागायला सुरुवात केली.

आम्ही काय बदललं

उपवास एकही कमी केला नाही. वेफर्सही बंद केले नाहीत. बदलली ती संध्याकाळी सातची भूक.

सकाळी दुधात राजगिऱ्याच्या लाह्या. ऑफिसला उपवासाचा डबा, जो त्या आधी नेतच नव्हत्या: वरईचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. दाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेलही भरपूर असतं, म्हणून कूट वाटीभर नको, मूठभर. चारला बिनमिठाचं ताक आणि एक फळ. त्यांच्या घरात गुरुवारी आंबट चालत नाही, म्हणून त्या दिवशी ताकाऐवजी दूध आणि केळं. पहिल्याच सोमवारी त्यांचा फोन आला की करी रोडला उतरले तेव्हा हात थरथरत नव्हते. ते थरथरणं त्यांनी आधी मला सांगितलंच नव्हतं, इतकं ते नेहमीचं झालं होतं.

वेफर्स पाव किलोऐवजी ५० ग्रॅम, बिनमिठाचे. दुकानदारानं लगेच दिले, फक्त "फिके लागतील ताई" असं बजावलं. लागलेच. जिरेपूड आणि मिरपूड घालून पाहिली, जमलं पण मन भरेना. शेवटी ताईंनी स्वतः तोडगा काढला: दोन भाग बिनमिठाचे, एक भाग मिठाचे, डब्यात घालून हलवायचे. मिठाचा हिशेब एक तृतीयांशावर आला आणि चव राहिली. ही युक्ती मी आता इतरांना सांगते. खाण्याची जागाही ठरली. वाटीत काढून, चहाबरोबर, बसून. ओट्याशी उभं राहून नाही.

नवरात्रात घडी विस्कटली. नऊ दिवस सलग उपवास, ऑफिसात रोज कुणाचा तरी पुडा फिरतो, आणि पाचव्या माळेनंतर पाव किलो पुन्हा घरी यायला लागलं. घरच्या यंत्रावर दाब पुन्हा चढलेला दिसला तेव्हा त्यांनीच फोन केला. मी फक्त डबा रोजचा करा म्हटलं, कारण सलग उपवासात त्यांनी डबा सोडून दिला होता.

सुमारे तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे दाब १३४/८४ आला. गोळी तीच, मात्रा तीच. वजन दोन किलोंनी उतरलं, ट्रायग्लिसराइड १७२ वर आलं. एचबीए१सी जवळजवळ होतं तिथेच आहे. या सुधारणेचं सगळं श्रेय वेफर्सच्या हिशेबाला देता येणार नाही. याच काळात ताई सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत चालत जायला लागल्या होत्या, आधी त्या शेअर टॅक्सी घ्यायच्या. पण आमटीतलं मीठ मी पूर्ववत करायला सांगितलं होतं, अगदी चवीपुरतं का होईना, आणि तरीही दाब उतरला.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. बहिणीनं त्यांना कमी सोडियमचं मीठ आणून दिलं आहे. त्यात सोडियमची जागा काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड घेतं, आणि बऱ्याच जणांना ते उपयोगी पडतं. ताईंची गोळी मात्र शरीरात पोटॅशियम रोखून धरणाऱ्या प्रकारातली आहे, त्यात रोजचं शहाळंही चालू झालं आहे. म्हणून ते पाकीट सध्या न फोडता ठेवायला सांगितलं आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि पाकीट फोडायचं की नाही हे अहवाल पाहून त्यांचे डॉक्टर ठरवतील.